आधी कोण? : उत्तर कोरियाशी झालेल्या अण्वस्त्रविषयक वाटाघाटी

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण राजनय म्हणजे काय, आणि तह, करार व संयुक्त निवेदन यांत कोणता भेद असतो, हे पाहिले. या घटकात एकच उदाहरण घेऊन ते सविस्तर तपासावयाचे आहे. हे उदाहरण उत्तर कोरियाचे आहे. १९९३ ते २०१९ या काळात अमेरिकेने आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी या देशाशी वारंवार वाटाघाटी केल्या. त्यांतून अनेकदा लेखी समझोतेही झाले. तरीही या काळाच्या आरंभी ज्या देशाकडे अणुबॉम्ब असल्याचे सिद्ध झालेले नव्हते, त्या देशाच्या नावावर या काळाच्या अखेरीस सहा अणुचाचण्या होत्या.

याची कारणमीमांसा साधारणपणे दोन प्रकारे केली जाते. एका मतानुसार उत्तर कोरियाची राजवट शब्द पाळणारी नाही. दुसऱ्या मतानुसार अमेरिकेने सत्तांतरागणिक धोरण बदलले. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या दशकांत केलेल्या या वाटाघाटी जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन का अडल्या, याचा उलगडा त्यांतून होत नाही. ते ठिकाण म्हणजे एक साधा प्रश्न आहे : आधी कोण?

हा प्रश्न समजण्यासाठी जमिनीच्या व्यवहाराची आठवण करा. घेणारा विसार देतो, साठेखत होते, पुढे ठरलेल्या दिवशी दुय्यम निबंधकासमोर खरेदीखत होऊन उरलेली रक्कम दिली जाते. दोघांचा एकमेकांवर विश्वास नसला तरी व्यवहार पार पडतो. कारण पैसे देणे व सही करणे एकाच टेबलावर घडते आणि कोणी फसविले तर न्यायालय आहे. राष्ट्राराष्ट्रांमध्ये असा दुय्यम निबंधक नसतो. त्यातच एका पक्षाकडे अण्वस्त्रे असली तर दुसरी अडचण उद्भवते. त्याने मोडलेली अणुभट्टी आणि देशाबाहेर पाठविलेले प्लुटोनियम पुन्हा मिळविण्यास वर्षे लागतात. समोरच्याने उठविलेले निर्बंध मात्र एका सहीने पुन्हा लादता येतात. समोरच्याची भीती वेगळी असते. दिसते ते सर्व मोडले गेले तरी न दिसणारे किती शिल्लक आहे, हे त्याला कळत नाही. या दोन भीती मनात ठेवून पुढील विवेचन वाचा.

४.२ पार्श्वभूमी

कोरियन युद्ध १९५० ते १९५३ या काळात झाले. २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला. शांतता करार मात्र आजतागायत झालेला नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हे युद्ध संपलेलेच नाही. (युद्धकैद्यांच्या परतपाठवणीसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे, जनरल थिमय्या यांच्याकडे होते आणि कैद्यांचा ताबा सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व शंकरराव थोरात या मराठी सेनाधिकाऱ्याने केले, हे येथे ओघाने सांगण्यासारखे आहे.) दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल सीमेपासून सुमारे ५० किलोमीटरच्या आत आहे आणि उत्तरेच्या तोफा तिच्यावर रोखलेल्या आहेत. त्यामुळे अण्वस्त्रे नव्हती तेव्हाही उत्तर कोरियावर हल्ला करणे सोपे नव्हते. वाटाघाटींना पर्याय नसण्याचे मूळ या भूगोलात आहे.

उत्तर कोरिया डिसेंबर १९८५मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करारात सामील झाला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला तपासणीची मुभा देणारा पूरक करार मात्र त्याने १९९२मध्ये केला. त्या वर्षी त्याने संस्थेला कळविले की, योंगब्योन येथील केंद्रात एकदाच, सुमारे ९० ग्रॅम प्लुटोनियम वेगळे काढण्यात आले. तपासनिसांनी घेतलेल्या नमुन्यांच्या पृथक्करणातून हे काम एकाहून अधिक वेळा झाल्याचे दिसले. संस्थेने दोन अघोषित जागा पाहण्याची मागणी केली. उत्तर कोरियाने १२ मार्च १९९३ रोजी प्रसारबंदी करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली.

अशी नोटीस तीन महिन्यांनी अमलात येते. ती अमलात येण्यास एक दिवस उरला असताना उत्तर कोरियाने ती स्थगित केली. हा एक दिवस विसरू नका. दहा वर्षांनी, १० जानेवारी २००३ रोजी, तो देश पुन्हा बाहेर पडला तेव्हा त्याचा युक्तिवाद असा होता की, नोटिशीची मुदत जवळजवळ भरलेलीच आहे, एकच दिवस उरला आहे.

४.३ जिनिव्हाचा समझोता, १९९४

१९९४च्या उन्हाळ्यात उत्तर कोरियाने योंगब्योनच्या अणुभट्टीतून सुमारे ८००० इंधनदांडे बाहेर काढले. त्यांच्यातून काही बॉम्बना पुरेल इतके प्लुटोनियम निघू शकले असते. अमेरिकेच्या संरक्षण खात्यात हल्ल्याच्या योजनेचा विचार सुरू झाला. त्या जून महिन्यात माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर प्याँगयाँगला गेले, किम इल संग यांना भेटले आणि कार्यक्रम गोठविण्याचे आश्वासन घेऊन परतले. तीन आठवड्यांत किम इल संग यांचे निधन झाले. तरीही बोलणी तुटली नाहीत. अमेरिकेचे रॉबर्ट गॅलुची आणि उत्तर कोरियाचे कांग सोक जू यांनी २१ ऑक्टोबर १९९४ रोजी जिनिव्हा येथे समझोत्यावर सह्या केल्या.

या समझोत्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. उत्तर कोरियाने चालू अणुभट्टी आणि बांधकाम सुरू असलेल्या दोन मोठ्या अणुभट्ट्या लगेच गोठवायच्या होत्या. त्या मोडायच्या मात्र नव्हत्या. त्याबदल्यात त्याला एकूण सुमारे २००० मेगावॅट क्षमतेच्या, हलक्या पाण्यावर चालणाऱ्या दोन अणुभट्ट्या २००३ सालापर्यंत मिळायच्या होत्या. पहिली भट्टी पूर्ण होईपर्यंत दरवर्षी ५ लाख टन जड इंधन तेलही मिळायचे होते. भट्ट्यांच्या कामाचा मोठा भाग पूर्ण झाला, पण त्यांचे मुख्य आण्विक भाग अजून पोहोचलेले नाहीत, अशा टप्प्यावर उत्तर कोरियाने पूर्वी किती प्लुटोनियम काढले याचा पुरा हिशेब तपासनिसांना द्यायचा होता. नव्या भट्ट्या पूर्ण होताना जुन्या मोडून संपायच्या होत्या.

थोडक्यात, दोन्ही पक्षांनी आपली सर्वांत मौल्यवान वस्तू शेवटच्या पायरीसाठी राखून ठेवली. आधी लहान देणे, लहान घेणे. मग त्याहून मोठे. आणि न परतणारे पाऊल अखेरीस. ज्यांचा परस्परांवर विश्वास नाही त्यांना हेच शक्य असते.

या रचनेतील कमकुवत जागाही येथेच आहे. पायऱ्या जितक्या अधिक, तितका काळ अधिक. आणि काळ जितका अधिक, तितकी राजकीय हवा पालटण्याची शक्यता अधिक. सह्या होऊन महिना उलटण्यापूर्वीच अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत रिपब्लिकन पक्षाचे बहुमत आले. समझोता हा तह नव्हता. त्याला सिनेटची मान्यता घेतलेली नव्हती. तेलासाठी निधी दरवर्षी झगडून मिळवावा लागला आणि पुरवठा वेळोवेळी लांबला. भट्ट्यांसाठी अमेरिका, दक्षिण कोरिया व जपान यांनी १९९५मध्ये एक संयुक्त संस्था स्थापन केली. परंतु पहिल्या भट्टीच्या पायाचे काँक्रीट पडले ते ऑगस्ट २००२मध्ये. म्हणजे भट्ट्या पूर्ण करण्याचे वर्ष उजाडण्यास जेमतेम पाच महिने उरले असताना पायाचे काम सुरू झाले!

दुसऱ्या बाजूनेही हात स्वच्छ नव्हते. प्लुटोनियमचा मार्ग गोठविला असताना उत्तर कोरिया युरेनियम समृद्धीकरणाचा दुसरा मार्ग शोधीत होता. त्यासाठी लागणारी सेंट्रिफ्यूज यंत्रे व तंत्रज्ञान त्याने पाकिस्तानातील अब्दुल कादीर खान यांच्या जाळ्याकडून मिळविले. ऑक्टोबर २००२मध्ये अमेरिकेचे दूत जेम्स केली यांनी प्याँगयाँगमध्ये हा आरोप समोर ठेवला. उत्तर कोरियाने तो मान्य केला, असे अमेरिकेचे म्हणणे. आम्ही तसे म्हटलेच नाही, असे पुढे उत्तर कोरियाचे म्हणणे. तेलाचा पुरवठा थांबला, वर्षअखेरीस तपासनिसांची हकालपट्टी झाली आणि समझोता संपला.

तो फसला, असे सरसकट लिहिले जाते. प्रस्तुत लेखकाला हे मत पुरते मान्य नाही. आठ वर्षे योंगब्योनची भट्टी तपासनिसांच्या डोळ्यांसमोर बंद होती आणि त्या काळात तेथे नवे प्लुटोनियम तयार झाले नाही. २००३मध्ये त्याच ८००० दांड्यांतून प्लुटोनियम काढण्यात आले. जानेवारी २००४मध्ये उत्तर कोरियाने अमेरिकेच्या लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेचे माजी संचालक सिगफ्रिड हेकर यांना योंगब्योनला बोलावून एका काचेच्या बरणीतील प्लुटोनियम त्यांच्या हाती दिले. बरणी दाखविणे हेही वाटाघाटीतील एक वाक्यच होते : आमच्याकडे काय आहे ते पाहून घ्या, आणि त्यानुसार किंमत ठरवा.

४.४ सहा राष्ट्रांची बोलणी : एक शब्द आणि एक बँक

ऑगस्ट २००३पासून बीजिंगमध्ये दोन्ही कोरिया, अमेरिका, चीन, जपान आणि रशिया या सहा राष्ट्रांची बोलणी सुरू झाली. त्यांतून १९ सप्टेंबर २००५ रोजी संयुक्त निवेदन निघाले. उत्तर कोरियाने सर्व अण्वस्त्रे व विद्यमान अणुकार्यक्रम सोडण्याचे मान्य केले. ‘आधी कोण?’ या प्रश्नावर निवेदनाने दिलेले उत्तर असे होते की, वचनास वचन आणि कृतीस कृती. हलक्या पाण्याच्या अणुभट्टीचा विषय ‘योग्य वेळी’ चर्चेस घेण्याचे ठरले.

योग्य वेळ म्हणजे कोणती? अमेरिकेने स्पष्ट केले की, अण्वस्त्रे पूर्णपणे नष्ट झाल्यानंतरची. दुसऱ्याच दिवशी उत्तर कोरियाने जाहीर केले की, भट्टी आधी मिळेल, मगच प्रसारबंदी करारात परत येऊ. तुम्ही भाषा-साहित्याचे विद्यार्थी असाल तर येथे अवश्य थांबा. ‘योग्य वेळी’ हे शब्द निष्काळजीपणाने आलेले नव्हते. त्यांच्याशिवाय निवेदन निघालेच नसते. दोघांना आपापला अर्थ वाचता यावा इतकी ढिलाई मसुद्यात ठेवणे हे राजनयाचे जुने कौशल्य आहे. मात्र त्यामुळे मतभेद मिटत नाही, तो केवळ सहीनंतरच्या दिवसांवर ढकलला जातो. येथे तर तो एक दिवसही थांबला नाही.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. निवेदनाच्या चार दिवस आधी अमेरिकेच्या अर्थखात्याने मकाव येथील ‘बँको डेल्टा आशिया’ या लहानशा बँकेवर बेकायदा पैशाचे व्यवहार हाताळल्याचा ठपका ठेवला. बँकेतील उत्तर कोरियाशी संबंधित सुमारे अडीच कोटी डॉलर गोठविण्यात आले. देशाच्या मानाने ही रक्कम फार नाही. परंतु अमेरिकेची गैरमर्जी नको म्हणून इतर बँकाही उत्तर कोरियाचे व्यवहार टाळू लागल्या आणि निर्बंधाची खरी धार तेथे लागली. एका खात्याचे लोक बीजिंगमध्ये हात पुढे करीत होते आणि त्याच सरकारचे दुसरे खाते गळ्याशी फास आवळीत होते, असे प्याँगयाँगला दिसले. पैसे परत मिळेपर्यंत बोलणी नाहीत, असे त्याने ठरविले. ९ ऑक्टोबर २००६ रोजी त्याने पहिली अणुचाचणी केली.

यानंतरचा भाग विनोदी वाटावा असा आहे. १३ फेब्रुवारी २००७ रोजी नवा समझोता झाला : उत्तर कोरिया योंगब्योन बंद करील, त्याला आरंभी ५० हजार टन इंधन तेल मिळेल आणि गोठविलेल्या पैशाचा प्रश्न ३० दिवसांत सुटेल. अमेरिका पैसे सोडण्यास तयार झाली; पण ते पैसे हलवायला कोणतीही बँक तयार होईना! ज्या पैशावर काल संशयाचा शिक्का मारला, त्याला आज हात लावायचा कोणी? महिने गेले. अखेरीस जून २००७मध्ये न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक आणि रशियाची मध्यवर्ती बँक यांच्यामार्फत ही रक्कम रशियातील एका बँकेत उत्तर कोरियाच्या खात्यावर गेली. जुलैमध्ये योंगब्योन बंद झाले. निर्बंध लादणे सहीसरशी होते, असे आपण प्रास्ताविकात म्हटले. ते उठविणे तितके सोपे नसते, ही पुरवणी येथे जोडून घ्या. जो पक्ष निर्बंध उठविण्याचे वचन देतो, त्यालाही ते वचन पाळणे नेहमीच आपल्या हाती नसते.

४.५ पडताळणीचा पेच

२७ जून २००८ रोजी योंगब्योनचा शीतक मनोरा स्फोटाने पाडण्यात आला. जगाने ते दृश्य दूरचित्रवाणीवर पाहिले. उत्तर कोरियाने भट्टीच्या कामकाजाच्या नोंदींची सुमारे १८ हजार पाने सुपूर्द केली होती. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने त्याला दहशतवादास आश्रय देणाऱ्या देशांच्या यादीतून वगळले.

मग गाडी अडली ती नमुन्यांवर. नोंदी खऱ्या आहेत की नाहीत हे ठरविण्यासाठी तपासनिसांना माती, धूळ व अवशेष उचलून प्रयोगशाळेत न्यायचे होते. १९९२मध्ये असत्य उघडकीस आले ते नमुन्यांमुळेच, हे उत्तर कोरिया विसरला नव्हता. तोंडी होकार मिळाल्याचे अमेरिका सांगत होती. लेखी देण्यास उत्तर कोरिया तयार नव्हता. त्या डिसेंबरमध्ये सहा राष्ट्रांची बैठक कोणत्याही निर्णयाविना उठली. त्यानंतर ती पुन्हा भरलेली नाही.

येथे एक अवघड गोष्ट समजून घ्यावी लागते. पडताळणी समोरच्याला न्याय्य वाटते. ज्याची पडताळणी व्हायची, त्याला ती हेरगिरीसारखी भासते. शस्त्रे कोठे आहेत याची संपूर्ण यादी देणे म्हणजे, बोलणी फिसकटल्यास शत्रूच्या हाती लक्ष्यांचा नकाशा देणे. म्हणून यादी ही उत्तर कोरियाच्या दृष्टीने शेवटची पायरी आणि अमेरिकेच्या दृष्टीने पहिली. पुन्हा तोच प्रश्न.

२०१२चा प्रयत्न तर सात आठवडेही टिकला नाही. २९ फेब्रुवारी रोजी अमेरिकेने २ लाख ४० हजार टन पोषण-आहार देण्याचे आणि उत्तर कोरियाने क्षेपणास्त्र व अणुचाचण्या थांबविण्याचे जाहीर केले. दोघांनी दोन स्वतंत्र निवेदने काढली. उपग्रह वाहून नेणारा अग्निबाण हे क्षेपणास्त्र समजायचे की नाही, हे त्यांत लिहिलेले नव्हते. १३ एप्रिल रोजी उत्तर कोरियाने उपग्रह सोडण्याचा प्रयत्न केला. अग्निबाण कोसळला, त्याबरोबर समझोताही.

४.६ सिंगापूर आणि हनोई

२०१७ संपताना उत्तर कोरियाची सहावी अणुचाचणी झालेली होती आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीपर्यंत पोहोचू शकेल अशा क्षेपणास्त्राचीही चाचणी झाली होती. आता वाटाघाटींचा विषयच बदलला. १९९४मध्ये बॉम्ब होऊ नये यासाठी बोलणी होती. आता असलेला बॉम्ब सोडविण्यासाठी होती. जे अजून केले नाही ते न करण्याची किंमत आणि जे हाती आहे ते देऊन टाकण्याची किंमत यांत फार अंतर असते. त्यात लिबियाचे उदाहरण प्याँगयाँगसमोर होते. गद्दाफी यांनी २००३मध्ये आपला कार्यक्रम सोडून दिला. २०११मध्ये नाटोच्या हवाई हल्ल्यांच्या साह्याने झालेल्या उठावात ते मारले गेले. २०१८मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांनी ‘लिबियाच्या धर्तीवर’ असे शब्द उच्चारले, तेव्हा उत्तर कोरियाने संतप्त निवेदन काढले, यात नवल नाही.

१२ जून २०१८ रोजी सिंगापूर येथे डोनाल्ड ट्रम्प आणि किम जाँग उन यांची भेट झाली. निवेदनात ‘कोरियन द्वीपकल्पाच्या संपूर्ण अण्वस्त्रमुक्ती’च्या दिशेने काम करण्याचे वचन होते. या शब्दप्रयोगात पुन्हा दोन अर्थ दडले आहेत. अमेरिकेने १९९१मध्ये दक्षिण कोरियातील आपली अण्वस्त्रे काढून घेतली; परंतु दक्षिणेवर हल्ला झाल्यास अमेरिकेची अण्वस्त्रे तिचे रक्षण करतील, हे आश्वासन कायम आहे. उत्तर कोरियाच्या वाचनात ‘द्वीपकल्प’ म्हटले की हे छत्रही आले. अमेरिकेच्या वाचनात केवळ उत्तरेची शस्त्रे आली.

२७ व २८ फेब्रुवारी २०१९ रोजी दोघे हनोईत भेटले. उत्तर कोरिया योंगब्योन मोडण्यास तयार होता. त्याबदल्यात २०१६-१७मधील संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांपैकी पाच ठरावांतील, लोकजीवनाला झळ पोहोचविणारा भाग त्याला उठवून हवा होता. हे पाच ठराव म्हणजेच निर्बंधांचा बहुतेक सारा भार, असे अमेरिकेचे मत होते. आणि योंगब्योनबाहेरच्या केंद्रांचे काय, असा तिचा प्रश्न होता. ठरलेले भोजन झाले नाही, सह्यांचा समारंभ झाला नाही. त्या मध्यरात्री उत्तर कोरियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी पत्रकारांना सांगितले की, आम्ही सगळे नव्हे, काहीच निर्बंध उठविण्यास सांगितले होते.

हनोईतील चूक कोणाची, यावर मतभेद आहेत. एक गोष्ट मात्र १९९४शी ताडून पाहता येते. जिनिव्हात मोठ्या वस्तू शेवटच्या पायरीसाठी राखल्या होत्या. हनोईत दोघांनीही मोठी वस्तू पहिल्याच पायरीवर मागितली. खालच्या अधिकाऱ्यांनी पायऱ्या आखून ठेवलेल्या नसताना दोन सर्वोच्च नेते समोरासमोर बसले, की देवाणघेवाण ‘सगळे अथवा काहीच नाही’ या स्वरूपात येते. नेत्याच्या वर दाद मागण्याजोगे कोणी नसते आणि ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ ही राजदूताची सोयही त्याला नसते.

४.७ ज्या करारात ‘आधी’ नाही

याच्या शेजारी आपल्या जवळचे एक उदाहरण ठेवू या. परस्परांच्या आण्विक केंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. त्यानुसार १९९२पासून दरवर्षी १ जानेवारीस नवी दिल्ली व इस्लामाबाद येथे एकाच वेळी आपापल्या आण्विक केंद्रांच्या याद्या एकमेकांना दिल्या जातात. कारगिलचे युद्ध झाले, संसदेवर हल्ला झाला, मुंबईवर २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला. पुढच्या १ जानेवारीला याद्या दिल्या-घेतल्या गेल्याच.

हा करार का टिकला असावा? देण्याची आणि घेण्याची वस्तू एकच आहे, दिवस एकच आहे, आणि कोणाचेही शस्त्र कमी होत नाही. ‘आधी कोण?’ हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. अर्थात त्यामुळे उपखंडातील एकही अण्वस्त्र कमी झालेले नाही, हेही तितकेच खरे. उत्तर कोरियाच्या बाबतीत मागितले जात होते ते याहून फार मोठे होते.

सप्टेंबर २०२२मध्ये उत्तर कोरियाने कायदा करून आपले अण्वस्त्रधारी स्थान जाहीर केले आणि किम जाँग उन यांनी ते अपरिवर्तनीय असल्याचे सांगितले. तेव्हापासून अभ्यासकांत एक वाद चालू आहे. अण्वस्त्रमुक्ती हेच बोलण्यांचे उद्दिष्ट ठेवावे की चाचण्यांवर मर्यादा, अपघाती युद्ध टाळण्यासाठी थेट दूरध्वनी आणि आगाऊ सूचना अशा लहान गोष्टींवर बोलावे? दुसरा मार्ग अधिक साध्य दिसतो. पण तो स्वीकारणे म्हणजे प्रसारबंदी करार मोडून बॉम्ब मिळविणाऱ्यास मान्यता देणे होय, आणि तसे झाल्यास सेऊल व टोकियो यांनी बॉम्बपासून दूर का राहावे, असा प्रश्न पहिल्या मार्गाचे समर्थक विचारतात.

पुढील घटकाकडे वळण्यापूर्वी एक स्वाध्याय करा. उत्तर कोरिया व अमेरिका यांच्यातील समझोत्याच्या पहिल्या तीन पायऱ्यांचा मसुदा मराठीत, एका पानात लिहा. प्रत्येक पायरीवर कोणी काय द्यायचे, ते दिले हे कोणी व कसे तपासायचे, आणि तेथेच बोलणी मोडली तर कोणाच्या हाती काय उरते, हे लिहा. मग तोच कागद प्याँगयाँगच्या खुर्चीत बसून एकदा आणि वॉशिंग्टनच्या खुर्चीत बसून एकदा वाचा; आणि ज्या शब्दाचे दोन अर्थ निघतील त्याखाली रेघ ओढा.